केनियात सेवेसाठी परत जायचंय: आपलं किती सोडायचं, किती धरून ठेवायचं?

नानापेठकरीण

सर्वांना नमस्कार, आपल्या मंडळींना जयख्रिस्त.

मी नाना पेठेतली, वय सव्वीस. आजोबा नगर जिल्ह्यातून दुष्काळात पुण्याला आले आणि इथलेच झाले. वडील छापखान्यात बाइंडर होते, आई शाळेत सेविका. बिबवेवाडीच्या सेमिनरीत शिकले आणि गेल्या वर्षी एका मिशनरी संस्थेमार्फत केनियाला, किसुमूला गेले. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठचं शहर आहे ते. शहरापासून थोडं आत एका मंडळीत (चर्चमध्ये) शब्बाथ शाळा म्हणजे मुलांचे धर्मवर्ग, शिवणवर्गाच्या मुलींबरोबर शास्त्राभ्यास आणि पाळकसाहेबांबरोबर घरभेटी, असं माझं काम. सध्या सुट्टीवर घरी आलेय. नाताळ आईबरोबर करायचा आणि जानेवारीत परत जायचं, या खेपेला दोन वर्षांसाठी. तिकीट काढलंय, त्यामुळे जायचं की नाही हा प्रश्न नाही. कसं राहायचं, हा आहे.

जाण्यापूर्वी लोकांनी ज्या गोष्टींची भीती घातली होती त्यांचं फारसं काही वाटलं नाही. उकाडा, डास, पाणी भरणं, वीज जाणं, सगळं निभावलं. तिथेही हातानंच जेवतात. जेवणाआधी घरातली एखादी मुलगी जग आणि घमेलं घेऊन फिरते, प्रत्येकाच्या हातावर पाणी घालते. मोठ्यांसमोर आवाज चढवत नाहीत, पाहुण्याला उपाशी पाठवत नाहीत. यात मला परकं काय वाटणार? जड गेलं ते वेगळंच.

पहिलं म्हणजे माणसाला एकटं बसू न देणं. बाहेरून ‘होडी’ अशी हाक येते आणि मी ओ देईपर्यंत बाई आत आलेली असते. दुपारी दार लावून पडले तर शेजारीण काळजीत. गावाकडं कोणी गेलं का? अंगात ताप आहे का? मग तिच्या दोन मुली रात्री माझ्याकडे झोपायला, मला एकटं वाटू नये म्हणून. हे सगळं मायेपोटी आहे, ते मला कळतं. आम्हीही दोन खोल्यांत सहा जण वाढलो. पण घरच्या गर्दीत कोणाचं तुमच्याकडे लक्ष नसतं, आणि तिथे सगळ्यांचं माझ्याकडेच असतं. मी काय खाते, केस कसे विंचरते, फोनवर कोणाशी बोलते. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की बोलायचंही त्राण उरत नाही.

दुसरं, रस्त्यात पोरं ‘मुहिंदी, मुहिंदी’ (म्हणजे हिंदी माणूस) करत मागे लागतात. पोरांचं काही नाही. पण मोठी माणसंही धरून चालतात की माझ्या वडिलांचं दुकान नाहीतर कारखाना असणार. बाजारात एका बाईनं माझा हात धरून विचारलं, तुझ्या वडिलांकडे माझ्या मुलाला काम मिळेल का? माझ्या वडिलांच्या बोटांवर कायम खळ वाळलेली असायची. हे तिला कसं सांगायचं तेच मला सुचेना. आणि देवळात, म्हणजे चर्चमध्ये, गेलं की वेगळाच प्रश्न: इंडियात ख्रिस्ती असतात? 2019 च्या जनगणनेत केनियात शंभरातले 85 जण ख्रिस्ती आहेत. आपल्या महाराष्ट्रात 2011 च्या जनगणनेत शंभरात जेमतेम एक. पुण्यात लोक मला विचारतात, तुम्ही घरी मराठीच बोलता का? तिथे विचारतात, तू ख्रिस्ती कशी? रविवारी सकाळी जिथे अख्खा रस्ता देवळाकडे निघालेला असतो, तिथे मी कोणाला काय सांगायला आलेय, हा विचार पहिल्या रविवारपासून माझी पाठ सोडत नाही.

तिसरं सांगायला अगदी लहान आहे, पण तेच जास्त छळतं. आमच्या गटाच्या प्रमुखबाईंचं सांगणं असं की त्यांचं खा, त्यांच्यासारखं राहा, आपलं आपल्या देशात ठेवून या. त्यामागचा त्यांचा भाव मला पटतो. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, उगाली, मला आवडतो, सुकुमा विकीची भाजी मी स्वतः करते, सरोवरातली ती बारीक ओमेना मासळीही खायला शिकले. पण ताप येऊन गेल्यावर तोंडाला चव नव्हती तेव्हा मला भाकरी आणि ठेचाच हवा होता. आईनं दिलेला काळा मसाला ट्रंकेच्या तळाशी आहे. कधीतरी खिडकी लावून घेते आणि चिमूटभर वरणात घालते. दिवसभर प्रार्थना इंग्रजीत आणि मोडक्यातोडक्या स्वाहिलीत, रात्रीची मात्र मराठीत, हळू आवाजात. ही काय लपवून करायची गोष्ट आहे?

एक प्रसंग सांगते, म्हणजे मी कशात अडकलेय ते कळेल. तिथे ज्यांच्याकडे दानात टाकायला पैसे नसतात ते अंडी, ऊस, केळ्यांचा घड, कोंबडी घेऊन येतात. उपासना सुटली की अंगणात त्याचा लिलाव होतो आणि पैसे देवळाला जातात. आपल्याकडे हंगामाच्या सणाला होतो तसाच. एका रविवारी तांबडी कोंबडी निघाली. वाळलेली ओमेना विकणारी एक म्हातारी आहे, तिच्या दोन पायांत दोन वेगवेगळ्या जोडांतल्या चपला असतात. ती बोली वाढवत गेली. बाकीचे थांबले तरी तिनं आणखी एकदा वाढवली. मग कमरेला गुंडाळलेल्या लेसोची, म्हणजे रंगीत कापडाची, गाठ सोडली, चुरगळलेल्या नोटा गुडघ्यावर सरळ करून मोजल्या, कोंबडीचे पाय सुतळीनं बांधून घेतले आणि सरळ येऊन कोंबडी माझ्या हातात दिली. म्हणाली, आमच्याकडे आलीस आणि तुला अजून कोणी कोंबडी दिली नाही. बायका टाळ्या पिटायला लागल्या, एकीनं गाणं धरलं. बोडा-बोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर, मागे बसून, कोंबडी मांडीवर घेऊन मी घरी गेले. वाटभर तिचं काळीज माझ्या तळहाताखाली धडधडत होतं. त्या आजीला मी तोवर काय दिलं होतं? तिच्या घरी एकदा प्रार्थना केली होती, एवढंच.

इथे आल्यावर नातेवाईक विचारतात, सिंह पाहिलास का, झोपडीत राहतेस का. किसुमूत विमानतळ आहे, मॉल आहेत, देवळातलं दानसुद्धा लोक एम-पेसानं मोबाइलवरून देतात, असं सांगितलं की त्यांचा विरस होतो. मंडळीनं येत्या रविवारी साक्ष द्यायला, म्हणजे सगळ्यांसमोर माझा सेवेचा अनुभव सांगायला, सांगितलंय. एका काकांनी आधीच विचारून ठेवलंय, किती आत्मे प्रभूकडे आणलेस, आकडा सांग. माझ्याकडे आकडा नाही.

तर परदेशात सेवेला किंवा नोकरीला राहून आलेल्यांना विचारते. तुम्ही आपलं किती सोडलंत? दार लावायचं की नाही? भाकरी करायची की नाही? आणि ज्या देशाला माझ्या सुवार्तेची गरज दिसत नाही, तिथे माझ्यासारखीनं कुठल्या नात्यानं राहायचं?

खडकीची सिस्टर

बाळ, जयख्रिस्त. मी निवृत्त नर्स. पश्चिम केनियातल्या एका मिशन दवाखान्यात बरीच वर्षं काढली, त्यामुळे तू लिहिलंस त्यातलं अंगण, लिलाव, लेसोची गाठ, सगळं डोळ्यांपुढे आलं.

आधी तब्येतीचं. तुला तिथे ताप येऊन गेलाय. आता इथे पुढच्या काही महिन्यांत नुसती कणकण आली तरी डॉक्टरला पहिलं वाक्य हे सांगायचं की मी केनियाहून आलेय, आणि मलेरियाची रक्ततपासणी त्याच दिवशी करून घ्यायची. सरोवराच्या काठी मलेरिया बारमाही असतो आणि बहुतेक फाल्सिपेरमचा, म्हणजे सगळ्यात घातक प्रकारचा. तो अंगावर काढायचा ताप नाही, बघता बघता डोक्यात जातो. पुण्यात ताप म्हटलं की आधी डेंग्यूकडे बघतात. परत जाताना प्रतिबंधक गोळ्यांचं डॉक्टरांशी नीट बोलून घे. मच्छरदाणी औषध मारलेलीच हवी, आणि मार्च ते मे मोठा पाऊस असतो तेव्हा एकही रात्र तिच्याशिवाय झोपायचं नाही.

आता भाकरी. बाजरीचा हट्ट सोड, ज्वारीची कर. बाजारात ‘म्तामा’ माग, ती ज्वारी. ‘विंबी’ म्हणजे नाचणी, तिची ते पेज करतात. ‘न्देंगू’ म्हणजे मूग. शेंगदाणे पोत्यानं मिळतात, लाल मिरची मिळते, म्हणजे तुझी चटणी झाली. चवळीचा पाला जुड्या बांधून विकतात, तो लसणावर परतून बघ. तिथल्या लुओ जमातीच्या जुन्या बायका उगाली ज्वारीच्या पिठाचाच करायच्या, मक्याचं पीठ नंतर पसरलं. त्यामुळे तुझ्या भाकरीचं पीठ तिथल्या आजीबाईंना ओळखीचं निघेल. आमच्या दवाखान्याच्या मागे मी चुलीवर भाकरी करायचे तेव्हा एक आजी मुद्दाम येऊन दगडावर बसायची. भाकरीला पाणी फिरवून ती तव्यावर उलटली, की फुगायच्या आधीच ‘एरोकामानो’ म्हणून आभार मानायची आणि हात पुढे करायची. तिला गरम गरम कोर मोडून दिल्याशिवाय मी दुसरी थापली नाही.

तेव्हा ती खिडकी उघड. शेजारणीच्या मुली रोज झोपायला येतात ना? त्यांना भाकरी थापायला शिकव. तुझ्या प्रमुखबाई सांगतात ते नव्यानं गेलेल्या माणसाला बरोबर आहे. सुरुवातीला त्यांचंच खावं, नाहीतर जीभ आणि मन दोन्ही वळत नाहीत. पण तू आता नवी नाहीस. आमच्या आधी तिथे एक परदेशी डॉक्टरीण होती. तिच्याबद्दल बायका मला सांगायच्या, फार चांगली बाई, रात्री-अपरात्री उठून यायची, पण ती घरी काय खाते ते आम्हाला कधी कळलं नाही. इतकी वर्षं सेवा केली तिनं, आणि तरी त्यांच्या बोलण्यात ही एक खंत राहिलीच होती.

दाराचं सांगते. दुपारी बंद दार म्हणजे तिथे आजार नाहीतर मयत. ते बदलायला जाऊ नकोस, तू जागा बदल. मी पहाटे देवळात जाऊन बसायचे. देवळात एकट्या बसलेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही, प्रार्थना चाललीय म्हणतात आणि पाय न वाजवता मागे फिरतात. तासभर अगदी तुझा एकटीचा. संध्याकाळी सरोवराच्या काठी मात्र एकटी जाऊ नको, पाणघोडे चरायला बाहेर येतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, बायकांच्या चामात नाव घाल. दर महिन्याला सगळ्या जणी सारखी रक्कम काढतात आणि पाळीपाळीनं एकीला मिळते. आपली भिशीच. मुहिंदी म्हणजे पैसेवाली, देणारी, हे जे लोकांच्या डोक्यात बसलंय ते समजावून सांगून जात नाही. चामात तू इतरांइतकेच शिलिंग भरतेस, त्यांच्यासारखीच आपल्या पाळीची वाट बघतेस, हप्ता लांबला तर तुलाही बोलणी बसतात. मी चामात गेले आणि काही महिन्यांनी बाजारात मला कोणी जास्त भाव सांगितला की माझ्या वतीनं दुसऱ्याच बायका भांडायला लागल्या.

मयतीलाही जात जा. लुओ माणूस नैरोबीत वारला तरी मातीला गावच्या घरीच आणतात, हे तू बघितलंच असशील. तिथे जाऊन भाषण करू नको. मागच्या अंगणात बायका भांडी घासत असतात, त्यांच्यात बस आणि घासायला लाग.

साक्षीत आकडा मलाही कधी देता आला नाही. मी एकाच माणसाची गोष्ट सांगायचे: कुठला, काय झालं होतं, घरी कसा गेला. तू त्या आजीची सांग.

औंधकर

ताई, मी धार्मिक कामाला नव्हे, पंपांच्या धंद्यानिमित्त केनियात होतो. राहायला नैरोबीत, पण किसुमूला येणंजाणं असायचं. ‘मुहिंदी म्हणजे दुकानदार’ याबद्दल थोडं लिहितो.

इंग्रजांनी 1896 ते 1901 या काळात मोंबासापासून सरोवरापर्यंत रेल्वे बांधली. शेवटचं स्टेशन म्हणजेच तुमचं किसुमू, त्याला तेव्हा पोर्ट फ्लोरेन्स म्हणत. त्या कामासाठी हिंदुस्थानातून सुमारे 32,000 मजूर नेले, बहुतेक पंजाबातले. अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. बाकीचे बरेचसे परत आले, काही राहिले, आणि मागोमाग गुजराती व्यापारी आले. राज्यात गोरा वर, हिंदी मधे आणि आफ्रिकी माणूस सगळ्यात खाली, अशी उतरंड इंग्रजांनी ठेवली. उंचावरची चांगली जमीन फक्त गोऱ्यांसाठी राखलेली, तिथे हिंदी माणसाला जमीन घेता येत नसे. म्हणून तो दुकानात बसला. आफ्रिकी माणसाला पिढ्यानपिढ्या हिंदी चेहरा दिसला तो गल्ल्यामागे. 2017 मध्ये केनिया सरकारनं तिथल्या आशियाई वंशाच्या नागरिकांना देशाची 44 वी जमात म्हणून मान्यता दिली. पण भिंती अजून उंच आहेत, आणि त्या आपल्या लोकांनीही बांधल्यात. मी अशा घरांत जेवलोय जिथे वीस वर्षं काम करणाऱ्या बाईचं आडनाव घरात कोणाला ठाऊक नव्हतं. मला ते तेव्हाही फार लागलं होतं.

त्यामुळे त्या बाईनं तुमच्याकडे काम मागितलं ते तिच्या अनुभवाला धरूनच होतं. तिला सांगा की माझे वडील पुस्तकं बांधायचे. हिंदी माणूस हातानं काम करतो, महिन्याच्या पगारावर घर चालवतो, हे तिला पहिल्यांदाच कळेल, आणि ते तुमच्याच तोंडून कळेल. मला वाटतं तुम्ही तिथे असण्याचा हा एक उपयोग आहे, जो तिथल्या श्रीमंत हिंदी माणसाच्या हातून कधी होणार नाही.

परमिटचं तेवढं बघा. मिशनरी कामाला ‘आय’ वर्गाचं परमिट लागतं. पूर्ण दोन वर्षांची मुदत त्यावर आहे ना, हे संस्थेकडून निघण्याआधी लेखी घ्या.

प्राची, सिंहगड रोड

मी हिंदू आहे आणि स्पष्टच लिहिते, मिशनरी म्हटलं की माझ्या मनात अढी असते. तरी तुझं सगळं वाचलं, कारण नवऱ्याच्या नोकरीमुळे मी स्टुटगार्टला राहिलेय. माझं दुखणं तुझ्या नेमकं उलट होतं. माझं दार कोणी वाजवलंच नाही. डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडायचा, रविवारी दुकानं बंद, जिन्यात भेटलेली बाई नमस्कारापुरती हसायची आणि आत जायची. मुलगी शाळेतून येईपर्यंत मी दिवसभरात एक शब्द मोठ्यानं बोललेली नसायचे. तुझ्याकडे होडी म्हणून कोणीतरी येतंय. त्याचा शीण येतो हे मान्य, पण ते न येणं काय असतं ते मी बघितलंय.

एक विचारू का? तिथले लोक आधीच ख्रिस्ती आहेत, म्हणजे धर्म बदलायचा प्रश्न नाही. मग तुझं काम म्हणजे नक्की काय? खोचक म्हणून विचारत नाही, मला खरंच समजून घ्यायचंय.

पाच हौदचे गुरुजी

बेटा, तू नाना पेठेतली म्हणजे जवळचीच. आमच्या पवित्र नाम देवालयाच्या मनोऱ्यातल्या घंटा तू लहानपणी ऐकल्याच असशील. शाळेत इतिहास शिकवला, म्हणून दोन माणसांबद्दल लिहितो. दोघांचाही पुण्याशी संबंध आहे आणि परमुलखात पाऊल टाकताना दोघंही साधारण तुझ्याच वयाचे, पंचविशीतले होते.

पंडिता रमाबाई 1883 मध्ये छोट्या लेकीला, मनोरमेला, घेऊन इंग्लंडला वाँटेजच्या सिस्टरांकडे (ख्रिस्ती जोगिणींकडे) गेल्या. या सिस्टर पुण्यातही काम करत होत्या. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. एवढा मोठा बदल केलेल्या बाईनं शाकाहार मात्र सोडला नाही. त्यावरून बोलणी ऐकली, उत्तरं दिली. गळ्यातल्या क्रॉसवर लॅटिन अक्षरं होती, तर त्यांनी विचारलं की ती संस्कृतात का नसावीत. ज्या सिस्टरांच्या घरी राहत, ज्यांचं अन्न खात, त्यांच्याशीच त्या पत्रांतून वाद घालत आणि त्यांच्यावर प्रेमही करत. पुढे केडगावला त्यांनी निराधार बायकांसाठी मुक्ती मिशन उभं केलं आणि हिब्रू, ग्रीक शिकून सबंध बायबल साध्या मराठीत आणलं. 1922 मध्ये वारल्या तोवर तेच काम चालू होतं.

दुसरे इंग्रज पाद्री व्हेरियर एल्विन. 1927 मध्ये ऑक्सफर्डहून पुण्याला आले, फादर विन्स्लो यांच्या ख्रिस्त सेवा संघात. तिथे हे इंग्रज खादी घालत, जमिनीवर बसून जेवत. एल्विननी अंगावरचं सगळं बदललं. 1932 मध्ये शामराव हिवाळे या मराठी मित्राबरोबर गोंडांच्या मुलखात राहायला गेले. पुढे ते मिशनरी राहिले नाहीत, हेही सांगायला हवं. मानववंशशास्त्राकडे वळले आणि 1954 मध्ये भारताचे नागरिक झाले.

वर्गात मुलं विचारायची, सर, यातलं बरोबर कोण? एकीनं आपलं जेवण सोडलं नाही, एकानं सगळं सोडलं. मला दोघांचंही पटतं. मात्र दोघांच्याही बाबतीत काय सोडायचं ते त्यांचं त्यांनी ठरवलं, कोणा प्रमुखाच्या नियमानं नाही. एल्विनना खादी कोणी घाला म्हटलं म्हणून ती त्यांच्या अंगी लागली नाही, त्या दिवसांत गांधींच्या कामाशी त्यांचा जीव जडला होता. तुझ्या प्रमुखबाईंशी तू या विषयावर मोकळं बोललीस का? रमाबाईंनी आपल्या वडीलधाऱ्यांशी उघड वाद घातला, पण त्यांचं नातं तुटलं नाही.

नानापेठकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर मावशींचं उत्तर आईला वाचून दाखवलं. ती दोनदा वाचायला लावून मग स्वयंपाकघरात निघून गेली.

प्राचीताई, तुम्ही विचारलंत ते आवडलं. आमच्या शिवणवर्गात शाळा सुटलेल्या मुली आहेत, पंधरा ते वीस वयाच्या. काहींच्या कडेवर बाळ आहे. सकाळी आम्ही शास्त्रातला एक भाग वाचतो, मग मशीनवर बसतो. शाळेचे गणवेश शिवतो, ते विकून मुलींना पैसे मिळतात. मी कापड बेतायला शिकवते, हिशेब लिहायला शिकवते. कोणाची परत शाळेत जायची इच्छा असेल तर पाळकसाहेब आणि मी तिच्या घरी जाऊन बोलतो. बाळाला कोण बघणार यावर गाडी अडते. एका घरी चार वेळा चहा झाला तेव्हा तिची आजी तयार झाली. धर्म बदलायला मी गेले नाही. मुलींना मात्र मनापासून सांगते की देवाच्या नजरेत तुमची किंमत कमी झालेली नाही. तिथे रविवारी देवळात गर्दी असते, तरी या मुली मागच्या बाकावर बसतात, नाहीतर येतच नाहीत. हे लिहिताना मला जाणवतंय की मी कोणाला काय सांगायला गेले, या माझ्या प्रश्नाचं उत्तर या मुलींपासूनच सुरू होतं.

औंधकर काका, त्या बाईला मी वडिलांचं सांगणार. त्यांचा जुना अडकित्ता आणि दाभण घरात आहे. दाभण बरोबर नेते, मुलींच्या हिशेबाच्या वह्या उसवल्यात त्या बांधून देईन. परमिटचं आजच संस्थेला लिहिलं.

गुरुजी, प्रमुखबाईंशी अजून बोलले नव्हते. काल सविस्तर मेल केला. भाकरी, चामा, मराठी प्रार्थना, सगळं लिहिलं, आणि मला हे उघडपणे करायचंय असंही लिहिलं. उत्तर यायचंय. नाही म्हणाल्या तर पुन्हा लिहीन.

सारखं सगळ्यांच्या नजरेत राहायचं, त्याचं काय करायचं ते मात्र मला अजून सापडलेलं नाही. पहाटेच्या देवळानं तासभर सुटेल, उरलेल्या दिवसाचं तिथे गेल्यावर बघेन.

रविवारी साक्षीत आजीची आणि कोंबडीची गोष्ट सांगणार आहे. मावशी, आता एक सांगा. लोखंडी तवा इथून नेऊ का? आई मेथी-कोथिंबिरीचं बी पण बांधून देतेय, वाफा कर म्हणते.

खडकीची सिस्टर

तवा नेऊ नको. चपाती तिथे घरोघरी करतात, जाड तवा किसुमूच्या बाजारात मिळतो, उगीच वजन वाढेल. परात मात्र ने, भाकरी थापायला मनासारखी परात मला तिथे कधी मिळाली नाही. बी आईला परत डब्यात ठेवायला सांग. पेरायचं बियाणं परवान्याशिवाय नेता येत नाही, विमानतळावर काढून घेतील. कोथिंबीर तिथे ‘दानिया’ म्हणून मिळतेच. मसाला, हिंग आणि चटणी घट्ट डब्यात भरून मोठ्या बॅगेत टाक.

आणि निघण्यापूर्वी एकदा खडकीला ये. आमच्या जुन्या दवाखान्यातल्या दोघी अजून किसुमूत आहेत, त्यांना चिठ्ठी देते तुझ्याजवळ. एकीचा चामा आहे.